अंगणातला हौद आणि वाळूची गाळणी

वैशाख-ज्येष्ठाच्या ज्या दिवसांत ग्वाल्हेरचा पारा 45 अंशांच्या घरात जातो, दुपारभर लू वाहते आणि संध्याकाळी उठलेली आंधी अवघ्या थाटीपुरावर तांबूस धुळीचे आवरण पसरून जाते, त्या दिवसांत दर्पण कॉलनीतल्या एखाद्या अंगणात पाण्याने भरलेला हौद दिसावा आणि घरातल्या मुलांनी दिवसभर त्यातच डुंबत राहावे, हे अगदी स्वाभाविक आहे. लोखंडी नळ्यांच्या चौकटीत जाड प्लास्टिकचे कापड ताणून जमिनीवरच उभा करता येणारा असा तरणतलाव आता मध्यम मिळकतीच्या कुटुंबाच्याही आटोक्यात आला आहे, आणि त्याबद्दल तक्रार करण्याचे काहीच कारण नाही. तक्रार आहे ती पुढच्या व्यवहाराची. हौद विकत घेताना त्याच्या रंगाचा आणि आकाराचा जेवढा विचार होतो, तेवढा त्यातल्या पाण्याचा होत नाही. चौथ्या दिवशी पाणी गढूळ दिसू लागते, आठवड्याने त्यावर हिरवट झाक येते, आणि मग ते गटारात सोडून नव्याने भरण्याचा शिरस्ता पडतो. तिघऱ्याचा जलाशय आटत गेला म्हणजे दिवसाआड येणाऱ्या नळाची वाट पाहण्याचे प्रसंग ज्या शहरावर आलेले आहेत, त्या शहरात हा शिरस्ता मला क्षम्य वाटत नाही. योग्य पंप आणि वाळूची गाळणी बसवली, तर एकदा भरलेले पाणी, उन्हाने उडून जाईल तेवढी भर घालत, सबंध हंगाम वापरता येते. आणि ज्यांची ही तजवीज करण्याची तयारी नसेल त्यांनी हौदच आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आरंभ हिशोबाने करावा. हौद गोल असेल तर त्याच्या व्यासाचा मीटरमधला आकडा स्वतःनेच गुणावा, त्यास 0.785 ने आणि नंतर पाण्याच्या खोलीने गुणावे, म्हणजे घनमीटर मिळतात. एका घनमीटरात 1,000 लिटर. पंधरा फुटी, म्हणजे 4.57 मीटर व्यासाच्या हौदात 90 सेंटिमीटर पाणी भरले तर ते सुमारे 14,800 लिटर होते. हा आकडा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा, कारण पंपाची निवड, गाळणीचे आकारमान आणि औषधाची मात्रा या तिन्ही गोष्टी त्यावरूनच मुक्रर व्हावयाच्या आहेत. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, तोच आकडा किलोंत वाचावा. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, म्हणजे आपण अंगणात जवळजवळ 15 टनांचा भार ठेवणार आहोत, आणि त्या भारापैकी प्रत्येक चौरस मीटरच्या वाट्याला 900 किलो येतात. वावरण्याच्या गच्चीची स्लॅब सामान्यतः चौरस मीटरला 150 किलो चल भार धरून आखलेली असते. अंगण अपुरे असल्याने हौद गच्चीवर नेण्याचा विचार आपल्याकडील पुष्कळ घरांतून बोलून दाखवला जातो. तो विचार, संरचना-अभियंत्याचा लेखी दाखला हाती असल्याखेरीज, मनातून पूर्णपणे काढून टाकावा. केवळ एक फूट पाणी भरले तरी त्या 150 किलोंची दुप्पट होते.

साचलेल्या पाण्याखालची भूमी किती निगुतीने पारखावी लागते, हे ग्वाल्हेरकरांना परक्याने सांगावयास नको. सांक नदीवरचे तिघरा धरण 1916 साली उभे राहिले आणि पुढच्याच वर्षी, 1917 साली, वालुकाश्माच्या पायातून पाणी झिरपत जाऊन ते फुटले. पुढे त्याची डागडुजी झाली आणि त्याच जलाशयातून, मोतीझीलच्या शुद्धीकरण केंद्रामार्गे, आजही शहराच्या तोंडी पाणी पडते. पुण्याजवळच्या खडकवासल्यास सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी 1903 साली जी स्वयंचलित दारे बसवली, तीच पद्धती तिघऱ्यावरही योजिली गेली, ही गोष्ट दोन्हीकडच्या मराठी माणसांना जवळची वाटावी अशी आहे. आपला हौद त्या मानाने अतिशय क्षुद्र. पण जमीन एका बाजूने खचली म्हणजे सबंध भार त्याच अंगाला झुकतो आणि चौकटीची नळी वाकून कापड फाटते, हा न्याय त्यासही लागू आहे. म्हणून गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल नळी घेऊन जागेच्या चारी कडा पाहाव्यात. उंच भाग खणून सखल भागाच्या पातळीस आणावा, सखल भागात भर घालून तो उंच करू नये, कारण ताजी भर पाण्याच्या वजनाखाली बसल्यावाचून राहत नाही. नंतर धुमस करून, बारीक चाळलेल्या मातीचा किंवा वाळूचा दोन बोटे थर देऊन, त्यावर जाड सतरंजीवजा कापड अंथरावे. लिंबाच्या झाडाची सावली मोहक वाटली तरी तिच्याखाली हौद मांडू नये. त्याचा पाला आणि मोहोर गाळणीला दिवसभर पुरून उरतो.

आता वाळूकडे वळू. या साऱ्या यंत्रणेत खरी गुणाची वस्तू तीच असून तिच्याविषयीच सर्वांत अधिक गैरसमज आहेत. पाणी निवळण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे: निवळीचे बी घागरीच्या आतल्या अंगास घासण्याची चाल खेड्यापाड्यांतून होती, आणि सुश्रुतसंहितेतही पाणी प्रसन्न करणाऱ्या द्रव्यांत कतकाचा, म्हणजे याच निवळीचा, उल्लेख आहे. वाळूतून पाणी गाळून सबंध वस्तीस पुरवण्याचा उपक्रम मात्र युरोपात रूढ झाला. 1829 साली जेम्स सिम्प्सन याने लंडनमध्ये चेल्सी येथे वाळूची मोठी गाळणकुंडे बांधली, आणि त्यांचे मोल जगाला कळले ते 1892 साली जर्मनीत. एल्ब नदीवर हॅम्बुर्ग आणि अल्टोना ही गावे एकमेकांना लागून. हॅम्बुर्ग नदीचे पाणी न गाळता पीत होते, तर प्रवाहाच्या खालच्या अंगास असलेले, म्हणजे हॅम्बुर्गची घाण वाहून आणणारे पाणी उचलणारे अल्टोना ते वाळूतून गाळून घेत होते. त्या वर्षी पटकीने हॅम्बुर्गमध्ये हजारो माणसे नेली आणि अल्टोना जवळजवळ सुरक्षित राहिले. त्या कुंडांतून पाणी तासाला एकदोन वितीहून अधिक खाली उतरत नसे, आणि वाळूच्या पृष्ठभागावर जमणारा सजीव थरच रोगजंतूंना अडवत असे. आपल्या अंगणातल्या गाळणीत तेच पाणी तासाला 30 ते 40 मीटर वेगाने पळते. तेव्हा ती धूळ, केस, शेवाळाचे तंतू आणि गढूळपणा पकडील, जंतू मारणार नाही. हे तारतम्य ध्यानी ठेवले म्हणजे पुढे औषधाची आवश्यकता का आहे, हे निराळे सांगावे लागत नाही.

गाळणीत घालावयाची वाळू ही धुतलेली, एकजात कणाची सिलिका वाळू असावी. कण साधारण 0.4 ते 0.8 मिलिमीटर. जलशुद्धीकरणाचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत ती पोत्यांतून मिळते आणि कणाचा आकार पोत्यावर लिहिलेला असतो. बांधकामाची वाळू स्वस्त पडते, घराशेजारी ढीगही पडलेला असतो, आणि ‘वाळू ती वाळू’ असे सांगणारा कारागीरही हटकून भेटतो. आमच्या घरच्या पहिल्या हौदास एका कारागिराने अशीच नदीची वाळू भरली आणि तिसऱ्या दिवशी हौदाच्या तळाशी तीच वाळू पसरलेली दिसली. नदीच्या वाळूत माती असते, अभ्रकाचे पापुद्रे असतात, आणि लहान-मोठे कण एकत्र असल्यामुळे बारीक कण मोठ्यांच्या फटी बुजवतात किंवा गाळणीच्या तळच्या नळ्यांतून सुटून पाण्याबरोबर परत येतात. चंबळेच्या वाळूचे तर नावही काढू नये. तेथील अभयारण्यात वाळूउपशास मनाई आहे, कारण त्याच वाळूत सुसरी-घडियालांची अंडी असतात, आणि त्या जीवांचे घर आपल्या करमणुकीसाठी उपसण्याचा अधिकार कोणासही नाही.

गाळणीच्या टाकीचा व्यास 400 मिलिमीटर असला म्हणजे तिच्या वाळूचा पृष्ठभाग एका चौरस मीटरचा जेमतेम आठवा हिस्सा भरतो. तिला ताशी 4,000 लिटर पाणी पुरवणारा पंप योग्य होय. आपल्या 14,800 लिटरांचा एक फेरा तो चार तासांच्या आत पुरा करतो. याहून जोरदार पंप लावला की पाणी अधिक स्वच्छ होईल, ही समजूत चुकीची आहे. वेग वाढला की मळ वाळूत ठरत नाही, तो थरातून ढकलला जाऊन पलीकडे निघतो. उलट पंप फार दुबळा असला तर वाळू उलटी, म्हणजे उलट्या प्रवाहाने, धुण्यास लागणारा जोर त्याच्यात राहत नाही. तेव्हा पंप आणि गाळणी ही जोडी म्हणूनच निवडावी. घरोघरी टाकी भरण्यासाठी असलेला टुल्लू पंप येथे लावण्याचा मोह होतो, परंतु तो थोडे पाणी उंच चढवण्यासाठी घडवलेला असतो. आपल्याला पुष्कळ पाणी थोड्याच उंचीवर फिरवावयाचे आहे, आणि तेही रोज सात-आठ तास. पुढच्या बाजूस केस आणि पाला अडवणारी जाळीची टोपली असलेला, तरणतलावासाठीच बनवलेला पंप घ्यावा. अर्ध्या अश्वशक्तीचा असा पंप आठ तासांत साधारण चार युनिट वीज घेतो, एवढा खर्च घरच्या जमाखर्चात आधीच मांडून ठेवावा.

पंपाची जागा हौदातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खालीच हवी, म्हणजे पाणी आपसूक त्याच्यात उतरते आणि हवा अडकत नाही. विटांचा वीतभर ओटा बांधून, तो सिमेंटने सपाट करून, त्यावर पंप व गाळणी शेजारी शेजारी बसवावीत आणि वर पत्र्याची सावली करावी; ग्वाल्हेरच्या उन्हात प्लास्टिकचे भाग दोनच उन्हाळ्यांत ठिसूळ होतात. पाण्याचा मार्ग असा: हौदाच्या वरच्या कडेजवळ जे तोंड असते त्यातून पाणी निघून पंपाच्या टोपलीत येते, पंपातून गाळणीच्या माथ्यावरच्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हच्या ‘पंप’ लिहिलेल्या तोंडात शिरते, वाळूतून खाली उतरते, तळच्या नळ्यांतून मधल्या उभ्या नळीत वर चढते आणि ‘रिटर्न’ लिहिलेल्या तोंडातून हौदात परतते. परतीची तोटी किंचित तिरकी ठेवली तर हौदातले पाणी संथपणे गोल फिरत राहते आणि वरचा तरंगता कचरा आपोआप ओढीच्या तोंडाकडे जातो. ओढीची नळी दीड इंची, आखूड आणि कमीत कमी वळणांची असावी. पंपाच्या दोन्ही बाजूंस एकेक बॉल व्हॉल्व्ह आणि खोलता येणारे युनियन जोड बसवावेत, नाही तर पुढे एक वॉशर बदलण्यासाठी सबंध हौद रिकामा करण्याची पाळी येते. परतीच्या तोटीतून सारखे बुडबुडे निघत असतील, तर ओढीच्या बाजूस कोठेतरी हवा शिरते आहे, हे निश्चित समजावे. बहुधा टोपलीच्या झाकणाची रबरी कडी सुकलेली किंवा वाळूचा कण अडकून उचललेली असते.

वाळू भरणे हे काम सावकाशीने करण्याचे आहे. टाकीच्या तळाशी चाकाच्या आऱ्यांप्रमाणे पसरलेल्या बारीक चिरांच्या नळ्या असतात. त्या प्लास्टिकच्या असून एक जरी तुटली तरी सारी वाळू हौदात जाते. म्हणून प्रथम टाकी निम्मी पाण्याने भरावी, मधल्या उभ्या नळीचे तोंड चिकटपट्टीने बंद करावे, ती नळी एकाने सरळ धरून ठेवावी आणि दुसऱ्याने लहान भांड्याने वाळू सोडावी, म्हणजे ती पाण्यातून हलकेच खाली बसते. निर्मात्याने सांगितलेल्या वजनापेक्षा मूठभरही अधिक घालू नये. उलटी धुताना वाळू फुगून वर येते आणि तिला त्यासाठी टाकीचा वरचा सुमारे तिसरा हिस्सा मोकळा लागतो. चिकटपट्टी काढून, कडेवरचे कण पुसून व्हॉल्व्ह बसवावा आणि पहिल्याच वेळी, पाणी हौदात सोडण्यापूर्वी, वाळू उलटी धुवून घ्यावी.

मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचा दांडा मोटार चालू असताना कदापि फिरवू नये, ही ताकीद घरातल्या प्रत्येकास द्यावी. चालू दाबात तो फिरवला की आतली आरेदार रबरी गादी निसटते आणि मळके पाणी चोरवाटेने हौदात येऊ लागते. मोटार बंद करावी, दांडा ‘बॅकवॉश’वर आणावा, दोन-तीन मिनिटे, व्हॉल्व्हवरच्या काचेच्या नळीत पाणी स्वच्छ दिसेपर्यंत चालवावी, पुन्हा बंद करून ‘रिन्स’वर अर्धा मिनिट, पुन्हा बंद करून ‘फिल्टर’वर. या धुण्यास सुमारे 200 ते 250 लिटर पाणी लागते. दर आठवड्यास सांडले जाणारे 14,800 लिटर एका बाजूस आणि हे 250 दुसऱ्या बाजूस मांडून पाहिले म्हणजे गाळणीची किंमत कशी वसूल होते ते दिसते. हे पाणीही गटारात न सोडता पिंपात साठवून, एकदोन दिवस उन्हात ठेवून, रस्त्याकडेच्या झाडांना घालावे.

वाळू केव्हा धुवावी, हे दाब दाखवणारी घड्याळी सांगते. गाळणी नव्याने धुऊन सुरू केल्यावर घड्याळीवर जो आकडा दिसेल तो त्याच दिवशी नोंदवहीत लिहावा. त्यावर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोइतका इजाफा झाला, किंवा परतीची धार स्पष्टपणे मंदावली, म्हणजे धुण्याची वेळ आली. रोज धुण्याचा उत्साह दाखवू नये. थोडी मळलेली वाळू नव्या वाळूपेक्षा अधिक बारीक गाळते, कारण अडकलेला मळ स्वतःच कणांमधल्या फटी अरुंद करतो. अतिस्वच्छतेच्या हव्यासाने हा लाभ आपण हातचा घालवतो. आंधी येऊन गेल्यावर मात्र घड्याळीकडे अवश्य पाहावे, आणि आंधीची चिन्हे दिसताच हौदावर आच्छादन ओढावे. अशी निगा राखल्यास वाळू चार-पाच वर्षे बदलावी लागत नाही. टाकीचा क्लॅम्प सैल करण्याची वेळ आलीच, तर मोटार बंद करून, हवेचा स्क्रू उघडून, काटा शून्यावर आल्याची खात्री झाल्याशिवाय त्यास हात लावू नये.

विजेचा बंदोबस्त परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावा. येथे काटकसरीला जागा नाही. पंपाचे बटण आणि प्लग हौदाच्या कडेपासून साडेतीन मीटरांपलीकडे असावेत, म्हणजे पाण्यात उभ्या असलेल्या मुलाचा हात तेथवर पोचणार नाही. जोडणीवर 30 मिलिअँपिअरच्या गळतीला तुटणारी आरसीसीबी असावी आणि तिचे ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून ती खरोखर तुटते की नाही हे पाहावे. अर्थिंग स्वतंत्र घ्यावे. आपल्याकडची जमीन मे महिन्यात इतकी शुष्क होते की चांगले अर्थिंगही निकामी ठरते. त्याच्या खड्ड्यात आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी ओतण्याची जुनी रीत सोडू नये. माणसे पाण्यात असताना पंप बंदच ठेवणे उत्तम. पहाटे चार तास आणि सायंकाळी स्नाने आटोपल्यावर चार तास, एवढे चालवणे आपल्या उन्हाळ्यास पुरते.

औषधाविषयी थोडक्यात. पाण्यात मुक्त क्लोरीन लिटरला 1 ते 3 मिलिग्रॅम आणि सामू 7.2 ते 7.8 यांच्या दरम्यान राहावा. दोन्ही मोजण्याची रंगपेटी स्वस्तात मिळते. आपल्या हौदात क्लोरीन एका मिलिग्रॅमने वाढवावयाचे तर ताजी, 30 टक्क्यांची ब्लीचिंग पावडर सुमारे 50 ग्रॅम लागते. ती बादलीत कालवून, चुना तळाशी बसू देऊन, वरची निवळच तेवढी संध्याकाळी पंप चालू करून हौदात सोडावी. दिवसा घातलेले क्लोरीन ऊन खाऊन टाकते, आणि चुन्याचा गाळ वाळूत जाऊन तिचा दगड करतो. ब्लीचिंग पावडर कोणत्याही आम्लाजवळ ठेवू नये, दोन प्रकारची क्लोरीनची औषधे एका भांड्यात मिसळू नयेत. परगावी जावयाचे झाल्यास पंप आणि औषध चालू ठेवणारा माणूस नेमावा किंवा हौद रिकामा करावा, कारण उघडे, स्थिर पाणी आठ-दहा दिवसांत डेंग्यूच्या डासाची एक पिढी तयार करते आणि तिची शिक्षा शेजाऱ्यांना भोगावी लागते. पावसाळा लागताच हौद उतरवावा. क्लोरीन दोन-तीन दिवस न घालता पाणी निवू द्यावे आणि शेजारपाजारच्या बागांना वाटून टाकावे, गाळणीतले पाणी तळच्या बुचातून काढावे, पंप पुसून घरात ठेवावा.

शेवटची गोष्ट मुलांविषयीची, आणि ती मी जाणूनबुजून शेवटी ठेवली आहे, म्हणजे ती वाचून झाल्याबरोबर लेख बाजूस ठेवून कृती करता यावी. ओढीच्या तोंडावरची जाळी फुटली किंवा निघाली असेल, तर ती बसवल्याशिवाय पंप सुरू करू नये. त्या तोंडाशी केस ओढले गेले म्हणजे मोठ्या माणसालाही सुटता येत नाही. पंपाचे बटण कोठे आहे हे घरातल्या प्रत्येक जाणत्या माणसास ठाऊक असावे. आणि वडीलधारे माणूस जवळ बसल्याखेरीज मुलाला हौदाकडे फिरकू देऊ नये; दिवसाचे शेवटचे माणूस पाण्याबाहेर आले की शिडी उचलून घरात आणावी, आणि हौदात पाणी आहे तोवर एकही रात्र तिला तेथे राहू देऊ नये.